आधी मैदान मुलांकडून आखून घ्या

सर, फुटबॉलमधून गणित शिकवताना मुलांना सामन्यांतल्या गोलांची सरासरी काढायला लावायची तुमची कल्पना चांगली. पण दोन सामन्यांत तीनच गोल झाले तर आकडे पुरणार कुठून? त्याआधी मैदान आखायचं काम सातवी-आठवीवर सोपवा. १२ मीटर सुतळीवर ३ आणि ७ मीटरला खुणा, दोन्ही टोकं एकत्र धरून खुणांपाशी त्रिकोणात ताणायची. काटकोन ३ च्या खुणेपाशी मिळतो. खुणेला गाठ मारू नका, गाठ लांबी खाते. चिंधी बांधा. नायलॉनची दोरी ताणते, ती नकोच.

मग परीघ. पाच नंबरच्या, म्हणजे पूर्ण आकाराच्या चेंडूचा ६८ ते ७० सेंमी असतो. खडूची खूण करून हातानं ढकला, दहा फेऱ्यांत साधारण ६.९ मीटर जायला हवा. लाथ मारली तर चेंडू आधी घसरतो, मग फिरतो. हिशेब तिथंच बिघडतो. हवा कमी असली तरीही.

खानापूरकडे जून-जुलैत मैदानाचा चिखलच. तेव्हा व्हरांड्यात भिंतीपासून ३ मीटरवर उभं करून ३० सेकंद पास द्यायला लावा, पावलाच्या आतल्या बाजूनं, चवड्यानं नाही. उजव्या-डाव्या पायाचे आकडे वेगळे लिहा आणि एकूण पासांतली डाव्याची टक्केवारी दर आठवड्याला मुलांनीच काढावी.