मदत हवी आहे : मुलांच्या दवाखान्यासाठी निधी कसा उभा करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे चौदा जण, बहुतेक शिक्षक आणि दुकानदार. इथल्या मुलांच्या दवाखान्यासाठी काही करायचं ठरवलंय. तिथल्या सिस्टरांना विचारलं, तर त्यांनी यंत्रं मागितली नाहीत, मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या मागितल्या. कमी वजनाच्या बाळाला आई तासन्‌तास उघड्या छातीशी धरून बसते, त्यानं बाळाची ऊब टिकते. साध्या स्टुलावर बाळंतिणीची पाठ किती वेळ टिकणार? ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

डिसेंबर-जानेवारीत एका मित्राच्या शेतावर हुरडा पार्टी ठेवायचा विचार आहे. कोवळी ज्वारी, दाण्याची चटणी, गूळ, दही. माणशी किती कूपन ठेवावं? कणसं वाया जाऊ नयेत म्हणून नोंदणी आधीच घ्यावी का?

दुसरं, आमची संस्था नोंदणीकृत नाही. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून ४१-क ची परवानगी घेतात, तीच घ्यावी, की एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टच्या पावत्यांवर पैसे घ्यावेत? देणगीवरची आयकराची सवलत (८०-जी) २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनंच घेणार. मला तर पैसे न देता खुर्च्याच नेऊन द्याव्यात असं वाटतं, देणाऱ्याला डोळ्यानं दिसतं.

नांदेड, बीड, परभणीकडं कुणी असं काम केलंय का? हिशोब कसा ठेवलात, तेवढं तरी सविस्तर सांगा.