प्रतिसाद: रस्सा जास्त झाला म्हणून छातीत दुखतंय?

वर एकांनी लिहिलंय, "तांबडा रस्सा जास्त झाला की छातीत जळतंच, थंड दूध प्या." दुधानं बरं वाटतंही, पण दर वेळी दोष रश्श्याचाच असतो असं नाही.

माझे मामा रोज रंकाळ्यावर फेरी मारायचे. भरभर चाललं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, थांबलं की पाच मिनिटांत जायचं. दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. श्रमानं येणारं आणि थांबल्यावर जाणारं हे दुखणं अंजायनाचं (हृदयाला रक्त कमी पडल्यानं होणारं) असू शकतं, हे आम्हाला अँजिओग्राफीपर्यंत ठाऊकच नव्हतं.

पित्ताची जळजळ बहुतेकदा जेवून आडवं झाल्यावर वाढते. बोटानं दाबल्यावर नेमकं तिथंच दुखत असेल तर बहुधा बरगडी किंवा स्नायू (तालमीतल्या पोरांना हे नवं नाही). खोल श्वासाला टोचत असेल तर न्यूमोनिया, क्वचित फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळीसुद्धा. नागीण उठायच्या आधीही एका बाजूला आग होते. अर्थात हे ठोकताळेच. हार्ट अटॅक आला तरी मधुमेह्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम, मळमळ, घाम.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पळू नका. हृदयाला इजा झाली तरी रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन) वाढायला काही तास लागतात, म्हणून डॉक्टर तपासणी पुन्हा करतात. दुखणं हातात, जबड्यात जातंय, घाम फुटलाय, तर स्वतः गाडीला किक मारून निघायचं नाही. १०८ ला फोन लावा.