सर्व्हर खेळाडूंच्या हाती हवा की कंपनीच्या?

लॅनवाला:
कॉलेजात असताना सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. कोपऱ्यातल्या पीसीवर आम्हीच सर्व्हर चढवायचो, म्हणजे सगळ्यांचा सामना त्या पीसीवरून चालायचा. कन्सोल (गेममधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ग्रॅव्हिटी ८०० ची २०० केली की डस्ट२ या मॅपमध्ये सगळे तरंगत एकमेकांवर गोळ्या झाडायचे! इंटरनेट बंद पडलं तरी खेळ चालूच. आता बऱ्याच नव्या गेममध्ये ही सोयच नाही, सर्व्हर फक्त कंपनीचा. माझं म्हणणं, पीसी गेमबरोबर सर्व्हरची फाइल मिळालीच पाहिजे. आणि हा काउंटर-स्ट्राइक तरी कुठून आला? १९९९ मध्ये मिन ले आणि जेस क्लिफ यांनी हाफ-लाइफ या गेमवर केलेला मॉड होता तो, म्हणजे मूळ गेम बदलून केलेला नवा खेळ.

रँक्ड_रात्री:
अजिबात पटलं नाही. कॅफेत सगळे ओळखीचे, म्हणून ते जमलं. अनोळखी सर्व्हरवर मी काय पाहिलं सांगते. आत शिरायच्या आधी ढीगभर मॅप आणि आवाज डाउनलोड होत बसायचे. अ‍ॅडमिनला दोनदा मारलं की थेट बॅन. पैसे भरणाऱ्याला जास्त हेल्थ. दाद मागायची कोणाकडे? मॅचमेकिंगमध्ये कंपनीच जोड्या लावते, निदान माझ्या तोडीचे खेळाडू मिळतात.

खटपट्या:
अ‍ॅडमिन वाईट असेल तर यादीतला दुसरा सर्व्हर निवडता येतो. कंपनीचा निर्णय वाईट असेल तर कुठे जाणार? आणि मॉड म्हणजे नुसते बदललेले आवाज आणि पात्रांची रूपं (स्किन) नव्हेत. आर्मा २ या गेमवर डेझी हा मॉड झाला, डेझीवर ब्रेंडन ग्रीनने बॅटल रॉयाल मॉड केला आणि पुढे त्यानेच पब्जी उभा केला. गावोगावच्या पोरांच्या मोबाइलवर पोचलेला खेळ असा मॉडमधून आला.

रँक्ड_रात्री:
मॉड हवेतच, त्यावर वाद नाही. पण सर्व्हरची फाइल देणं वाटतं तितकं सोपं नाही. लॉगिन, इन्व्हेंटरी (खेळाडूंकडच्या वस्तूंची नोंद), दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेला कोड, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. ते सुटं करायला पैसा लागतो. छोट्या स्टुडिओने तो कुठून आणायचा?

लॅनवाला:
हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच गेम बांधतानाच त्याची सोय हवी, बंद करायच्या आठवड्यात नाही. द क्रू बघा. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क निकामी झाली. एकट्याने गाडी फिरवायची म्हटलं तरी सोय नाही. उलट क्वेक हा गेम १९९६ चा. त्याचा सोर्स कोड १९९९ मध्येच खुला केला, त्याचे सर्व्हर लोक अजून चालवतात.

रँक्ड_रात्री:
द क्रूच्या बाबतीत तुमच्या बाजूने. गेम बंद करताना सर्व्हर द्यावा, हे मान्य. पण गेम चालू असताना रँक्ड (क्रमवारीसाठीचा) सामना मी अनोळखी अ‍ॅडमिनच्या हाती देणार नाही.

लॅनवाला:
रँक्ड कंपनीकडेच राहू दे, ते मी मागतच नाहीये. मला फक्त मेन्यूत सर्व्हरची यादी परत हवी आहे.