गेमवेलचा पोलीस कॉल बॉक्स मिळतोय, पण आतून रिकामा… घ्यावा का?

निळादिवा:
मंडळी, एक जुना अमेरिकन पोलीस कॉल बॉक्स विकायला आलाय, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाला ठाण्याशी संपर्क करता यावा म्हणून रस्त्यावर खांबाला लावायचे ती पेटी. बिडाचा आहे, दारावर पोलीस टेलिफोन अशी उठावाची अक्षरं आणि गेमवेल या बनवणाऱ्या कंपनीचं नाव. फोटोत बाहेरून झकास दिसतो, चकचकीत निळा रंग वगैरे, पण आत नुसता रिसीव्हर लटकलाय, बाकी पेटी रिकामी. विकणारा म्हणतो आत असंच असायचं. मी आत्तापर्यंत डायलचे फोनच जमवत आलोय त्यामुळे यातलं फार कळत नाही. खरा आहे की नंतर ओतलेला हे कसं ओळखायचं? आणि फोन चालू करता येईल का, कारण नुसता शोपीस नकोय मला.

गंजका_खिळा:
"असंच असायचं" हे अर्धंच खरं. नंतरच्या काळातले बरेच बॉक्स फक्त टेलिफोनचे होते, पण त्याआधीच्यांमध्ये घड्याळासारखं स्प्रिंगचं यंत्र असायचं आणि खरी मजा त्यातच आहे. हवालदार कळ ओढायचा, पितळी चाक फिरायचं, चाकाचे दात लाइन तोडत जोडत जायचे आणि तिकडे ठाण्यात कागदी पट्टीवर बॉक्सचा नंबर उमटायचा, म्हणजे गस्तवाला कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता पोचला ते साहेबाला बसल्या जागी कळायचं. तुम्ही आतल्या मागच्या भिंतीचा जवळून फोटो मागवा. यंत्र बसवायचे उंचवटे आणि आटे पाडलेली भोकं दिसली तर यंत्र होतं आणि कोणीतरी काढून वेगळं विकलंय असं समजा. तसं असेल तर मी तरी हात लावणार नाही, उरलं काय, लोखंडी खोका!

तारवाला:
खिळाभाऊ, इतकं पण नाही हो. रेडिओ आल्यावर शहरांनी हे बॉक्स काढले तेव्हा पुष्कळ यंत्रं भंगारातच गेली, त्यामुळे रिकामा बॉक्स म्हणजे कोणीतरी फसवतंयच असं नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच बॉक्सचं यंत्र बसवून "पूर्ण ओरिजिनल" म्हणून विकणाऱ्यांचा. यंत्रवाला कधी मिळाला तर चाकाचे दात मोजा. दोन दात, गॅप, तीन दात, गॅप, चार दात म्हणजे बॉक्स नंबर २३४. दारावर वेगळाच नंबर असेल तर दोन बॉक्स मिळून एक केलाय.

खरा खोटा ओळखायला बरेच जण चुंबक लावतात, पण अॅल्युमिनियमचे बॉक्स पण कंपनीने बनवलेत, त्यामुळे चुंबक चिकटला नाही म्हणजे नकली असं धरू नका. त्यापेक्षा माप घ्या. जुन्या बॉक्सवरूनच साचा काढून ओतला की धातू थंड होताना शंभराला एक-सव्वा आकसतो, म्हणून नक्कल अस्सलपेक्षा थोडी लहान भरते आणि अक्षरांच्या कडा बसक्या येतात. स्क्रू पण बघा, डोक्यावर फुली असेल तर निदान तो स्क्रू तरी नंतरचा.

चावीचोर (फक्त नावाने):
चावी आहे का ते विचारायचं राहिलं सगळ्यांचं! चाव्या जमवणं हा वेगळाच नाद आहे. शिकागोत 1880 च्या सुमाराला हे सुरू झालं तेव्हा आसपासच्या भरवशाच्या नागरिकांना पण चावी देऊन ठेवायचे, आणि एकदा बॉक्स उघडला की चावी कुलपातच अडकायची, पोलीस येऊन सोडवेपर्यंत. म्हणजे उगाच गंमत म्हणून बोलावलं तर कोणी बोलावलं ते लगेच कळणार 😄

आणि त्या निळ्या रंगावर भाळू नका. पोलीस म्हणजे निळा हे आपल्या डोक्यात लंडनच्या बॉक्सने बसवलंय, ट्रेंच नावाच्या आर्किटेक्टचं 1929 चं डिझाइन. ग्लासगोतले 1891 चे तर लाल होते. वॉशिंग्टनमध्ये मात्र पोलिसांचे निळे आणि आगीचे लाल. तुमचा कुठल्या शहराचा आहे ते आधी कळू दे. नवीन रंगाखाली जुने थर असतील तर कडेला एका जागी हळूच बघा, पण कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं आणि ती धूळ छातीत जाते.

(ब्रिटिश बॉक्स घ्यायचा विचार कोणाच्या मनात असेल तर, ते माणूस आत उभा राहील एवढे असतात, एडिनबराचे बिडाचे बॉक्स दोन टनांच्या वर भरतात आणि लंडनचे चक्क काँक्रीटचे. आधी जमीन घ्या.)

तारवाला:
फोन चालू करायचं राहिलं. घरच्या लाइनला थेट जोडू नका, हे त्यासाठी बनवलेलेच नाहीत. कार्बनच्या माइकचे असे दोन हँडसेट घ्या, दोघांचे माइक आणि कानाला लावायचे रिसीव्हर सगळे एका माळेत जोडा, मध्ये ३ ते ६ व्होल्टची बॅटरी टाका, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आरामात बोलता येतं. आवाज दबका आला तर बोलायची बाजू तळहातावर हलकेच आपटा, आतले कार्बनचे दाणे चिकटून बसलेले असतात ते मोकळे होतात. कापडी वेष्टणाची वायर मात्र चालवू नका, वाकवली की भुगा होतो.

निळादिवा:
सगळ्यांना धन्यवाद. आतले फोटो आले. मागे चार उंचवटे आहेत, भोकांना आटे आहेत, आणि आट्यांमध्ये तोच चकचकीत निळा रंग भरलाय.

गंजका_खिळा:
म्हणजे रंग द्यायच्या आधी यंत्र निघालं, आणि रंग तर ताजा दिसतोय. यानेच काढलं की आधीच्या मालकाने ते देव जाणे, पण "असंच असायचं" ही थाप आहे हे नक्की. रिकाम्या पेटीचा भाव सांगा त्याला. आणि शहराने लिलावात विकल्याचा काही कागद आहे का? खांबावरून चोरलेले पण फिरतात बाजारात.

निळादिवा:
कागदाचं परवाच विचारलंय, त्यावर उत्तर नाही. बुकिंगचे पैसे कधी पाठवताय एवढंच विचारतोय सारखा.

गंजका_खिळा:
मग एक रुपया पाठवू नका.