मदत हवी आहे: सेनापतीला द्वंद्व टाळायचंय, पण अब्रू राखून

कडक_भाकरी:
मंडळी, घाईत आहे. विज्ञानकथा, स्पर्धेची मुदत रविवार रात्र. साम्राज्याच्या सेनापतीला भर दरबारात एका कनिष्ठ अधिकाऱ्यानं तलवारीच्या द्वंद्वाचं आव्हान दिलंय. सेनापतीला लढायचं नाही. पळपुटा न दिसता नाही कसं म्हणायचं? तीन दिवस इथंच अडकलोय.

नवी_पेठ:
का लढायचं नाही? भांडण कशावरून? एवढ्यावर काय सांगणार बे?

परिक्रमा:
तलवार बरोबर आहे. यानात गोळी झाडली की भिंत फुटून सगळे बाहेर ओढले जातात.

वायरमन:
सिनेमे कमी बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये अवकाश स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानाला २ मिलिमीटरचं भोक सापडलं होतं. दाब हळूहळू उतरत होता. आधी चिकटपट्टी, मग इपॉक्सी (घट्ट होणारा डिंक) लावून बुजवलं. संपला विषय.

परिक्रमा:
गोळीचं भोक २ मिलिमीटरचं असतं का?

वायरमन:
९ धरा. क्षेत्रफळ वीसपट. तरी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाएवढ्या दालनातली हवा जायला कित्येक दिवस लागतील. तोवर दोन अंक आणि मध्यंतरातला चहासुद्धा होईल.

कडक_भाकरी:
अहो, दरबार ग्रहावर आहे! भुईकोट किल्ल्यासारखा, जमिनीवर.

नवी_पेठ:
हे आधी सांगायचं ना.

जुना_वाचक:
१७७७ साली आयर्लंडात क्लॉनमेल इथं द्वंद्वाचे नियम ठरले होते, ते वापरा. हत्यार निवडायचा हक्क आव्हान ज्याला दिलं त्याचा. जागाही तोच ठरवतो, अंतर मात्र आव्हान देणारा. दोघांबरोबर एकेक साथीदार, आणि लढतीआधी समेटाचा प्रयत्न करणं त्या साथीदारांना बंधनकारक. म्हणजे तुमच्या अधिकाऱ्यानं परस्पर तलवार ठरवली हीच चूक. बाकी हुद्द्याचं म्हणाल तर १७ ऑगस्ट १७८० ला कलकत्त्यात खुद्द गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज पिस्तूल घेऊन त्याच्याच कौन्सिलातल्या फिलिप फ्रान्सिससमोर उभा राहिला होता. फ्रान्सिसला गोळी लागली, पण वाचला.

गदाधर:
इंग्रज कशाला? जरासंधाला तिघांतून एक निवडायला सांगितलं, त्यानं भीम निवडला. आपल्याकडं सगळं आहे.

जुना_वाचक:
आणि दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली तेव्हा नियम कुठं होते? बलराम उगाच चिडला का?

गदाधर:
त्याला कारण होतं. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

सुलेखन:
कथा युनिकोडमध्येच पाठवा हं. माझी गेल्या वर्षीची नुसते चौकोन होऊन पोचली.

तालीमवाला:
सोपं आहे राव. जत्रेच्या फडात नवखा पोरगा नावाजलेल्या पैलवानाला ललकारतो, तेव्हा पैलवान नाही म्हणत नाही. "आधी माझ्या पठ्ठ्याशी खेळ" म्हणतो. नकार पण नाही, कुस्ती पण नाही.

कडक_भाकरी:
नाही चालत. हा अधिकारीच त्याचा पठ्ठा आहे. लहानपणापासून तलवार त्यानंच शिकवली.

नवी_पेठ:
धन्य आहात! अजून काय लपवलंय?

कडक_भाकरी:
लपवलं नाही, पहिल्या प्रकरणात आहे. सेनापतीचा उजवा हात निकामी झालाय. अंगरख्याच्या बाहीत असतो, कुणाला माहीत नाही.

नवी_पेठ:
पहिलं प्रकरण आम्हाला स्वप्नात दिसायलंय काय?

तालीमवाला:
थांबा, मग नकार कशाला पाहिजे? त्याला फडात उतरवा. कुस्तीआधी सलामी होते, हात मिळवतात. सेनापतीला डावा हात पुढं करू दे. अख्ख्या दरबाराला तो उर्मटपणा वाटेल. पण पोरगं त्याच हातांखाली तयार झालंय, त्याला कळेल. पुढं लढायचं का पाया पडायचं, ते पोरगं ठरवेल.

जुना_वाचक:
पण डाव्या हातानं सलामी हा नवा अपमानच झाला. नियमाप्रमाणं…

कडक_भाकरी:
डावा हात. बास, मिळालं! लिहायला बसतो.

परिक्रमा:
वायरमन, दोन गोळ्या झाडल्या तर?