मदत हवी आहे: कविता, बासरी आणि मंचावरचं चित्रकाम एकत्र बसत नाहीये

नमस्कार मंडळी,

तासाभराचा प्रयोग बसवतेय. एक जण कविता वाचणार, एक जण बासरी वाजवणार आणि एक चित्रकार मंचावरच शाईने चित्र काढणार. कागदावर वरून कॅमेरा आहे, ते चित्र प्रोजेक्टरने मागच्या पडद्यावर मोठं दिसतं. तिघंही आपापल्या कामात उत्तम आहेत. पण एकत्र आले की कविता हरवते.

ब्रश कागदाला टेकला की सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. ओली शाई पसरते, तिची कड फुटत फुटत जाते, आणि ते इतकं बघत राहावंसं वाटतं की त्या वेळच्या ओळी कोणाच्या कानात शिरतच नाहीत. तालमीला आलेल्यांना चित्र आठवतं, सूर आठवतात, ओळी नाहीत. हा सगळा खटाटोप मी कवितेसाठीच मांडलाय, म्हणून हे फार लागलंय.

बासरीचं जमलं. कविता मुक्तछंदातल्या आहेत. खाली ताल धरला की वाचणारा नकळत ठेक्यावर शब्द टाकतो आणि अर्थाचा विराम चुकतो. म्हणून वाचताना फक्त लांब सुरांचा आलाप ठेवलाय.

चित्राचं काय करू? वाचताना ब्रश थांबवायचा का? ओळी पडद्यावर दाखवा असंही कोणी सुचवलं, पण मला ते पटत नाही. लोक वाचणाऱ्याच्या आधीच ओळ संपवून मोकळे होतात.

शिवाय चित्रकाराचा हात आत-बाहेर झाला की पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो आणि वाचणाऱ्यावरच्या दिव्याने शाईचा काळा राखाडी दिसतो.

प्रतिसाद:

उजेडाचं आधी. कॅमेरा ऑटोवर असणार, म्हणून हात आत-बाहेर झाला की तो स्वतःच उजेड कमी-जास्त करतो. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही मॅन्युअल करून लॉक करा. प्रोजेक्टर काळा रंग टाकत नाही, काळ्याच्या जागी तो फक्त उजेड अडवतो, त्यामुळे पडद्यावर दुसरा उजेड सांडला की काळं फिकं पडणारच. वाचणाऱ्याला पडद्यापासून बरंच पुढे आणा, दिवा बाजूने द्या.

वाचताना ब्रश थांबवू नका, प्रोजेक्टरचं 'फ्रीझ' बटण दाबा. पडदा स्थिर राहील, हात चालू राहील. कडवं संपलं की बासरी चालू असताना फ्रीझ काढा. आणि हे आयत्या वेळी ठरवू नका, संहितेतच चित्राची वेगळी ओळ लिहा. रशियन संगीतकार स्क्रिआबिनने १९१० च्या 'प्रोमीथिअस' या वाद्यवृंदाच्या रचनेच्या स्वरलिपीत रंगीत प्रकाशासाठी अशीच स्वतंत्र ओळ लिहिली होती.

धागाकर्ती:

मनापासून आभार! फ्रीझ उद्याच्याच तालमीत करून बघते. फक्त फ्रीझ काढताना चित्र एकदम उडी मारेल, ते मऊ करायला काही उपाय आहे का? आलापाच्या ऐन मध्यात तो झटका नको वाटतो.

प्रतिसाद:

मग कॅमेरा व्हिडिओ मिक्सरमधून न्या. त्यात स्थिर चित्रावरून चालू चित्रावर सावकाश 'फेड' करता येतं, म्हणजे एक विरत जातं आणि दुसरं उमटत येतं.