चीड की बुरांश? माझं मत बुरांशाला

पाऊलवाट: उत्तराखंडाच्या डोंगरात रान कोणतं हवं, चिडाचं की बुरांशाचं? एप्रिलमध्ये तिथे चोपत्यामार्गे तुंगनाथला गेलो. चोपत्याच्या बऱ्याच खाली चिडाच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, रानात सुईसारख्या वाळक्या पानांचा घसरडा थर होता, तिकडे त्याला पिरूल म्हणतात. त्याखाली गवताची काडी नव्हती. वर बांज (तिथला ओक) आणि लाल फुलांचे बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) लागले, तशी जमीन ओली झाली, खोडांवर शेवाळ आलं आणि सगळा उतार लालभडक! उत्तराखंडाने बुरांशाला राज्यवृक्ष केलं ते उगाच नाही. इंग्रजांनी चीड जपला तो राळेसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी. गावाला त्यातून ना पाणी मिळालं ना चारा. १९२१ साली कुमाऊंमध्ये लोकांनी रानं पेटवली, तीही मुख्यतः चिडाचीच. जिथे बुरांश जगतो तिथे चीड लावूच नये.

गिरिजन: चाऱ्याचं श्रेय बुरांशाला देऊ नका. त्याची कोवळी पानं गुरांना बाधतात. चारा देतो बांज. आणि दक्षिणेकडच्या तापलेल्या, मुरमाड उतारावर बुरांश रुजवून दाखवा! त्याला ओलसर, आम्लधर्मी माती आणि साधारण १५०० मीटरच्या वरची थंडी लागते. दरड कोसळून उघड्या पडलेल्या जागी पहिलं कोण येतं? चीड. त्याच्या बियांना पंख असतात, वाऱ्याबरोबर येऊन रुजतात. तो काढलात तर डोंगर बोडका होईल.

पाऊलवाट: चाऱ्याचं मान्य, चूक माझी. पण वणव्याचं काय? पिरुलात राळ असते, उन्हाळ्यात ठिणगी पुरते. जाड सालीमुळे मोठा चीड वाचतो, बुरांशाची रोपं मात्र जळून जातात. मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा चीडच येतो. म्हणजे प्रत्येक वणवा त्याच्याच पथ्यावर पडतो.

गिरिजन: बहुतेक वणवे माणूसच लावतो, कधी नव्या गवतासाठी, कधी निष्काळजीपणाने. दोष झाडाच्या माथी का? पिरूल गोळा करून त्याच्या कांड्या बनवतात, त्या इंधनाला चालतात. त्याला नीट दाम द्या, रान आपोआप साफ राहील.

देहरादूनची मराठी मुलगी: दहा वर्षं इथे राहते. बुरांशाचं सरबत सगळ्यांना हवं, पण फुलांसाठी फांद्याच मोडून नेलेल्या पाहिल्या की जीव तुटतो. त्या मधावर शिंजीर येतात हो! चिडाचं बी शेजारच्या आजी भाजून देतात, तेही गोडच लागतं. तरी माझं मत पाऊलवाट यांना. आमच्या ओळखीच्या गावाचा झरा बांज-बुरांशाच्या रानाखाली आहे, मे महिन्यातही हंडा भरतो. पलीकडच्या चिडाच्या उतारावरच्या बायका तिथवर पाण्याला येतात.